बोअर हवा मारतोय, ११ बायकांची भाजीबाग आहे. नवा बोअर घ्यावा की दुसरं काही?

वाफा_क्रमांक_१९

नमस्कार मंडळी. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमचा ११ जणींचा बचत गट आहे आणि मी सचिव. म्हणजे वही माझ्याकडे आणि शिव्याही माझ्याकडे.

गावठाणाला लागून १२ गुंठे जमीन गटानं ठोक्यानं घेतलीय. तीन वर्षं झाली, तिथं भाजी करतो. २२ वाफे पाडलेत, प्रत्येकीला दोन. एक वाफा साधारण ४० फूट लांब, १० फूट रुंद. वांगी, भेंडी, गवार, दोडका, चवळी आणि मेथी, शेपू, पालक. घरी खाऊन उरलेली भाजी बुधवारच्या बाजारात जाते.

वरच्या टोकाला बोअर आहे, १८० फूट. एक एचपीची सिंगल फेज मोटार, मीटर गटाच्या नावावर. गावठाणाची लाइन असल्यामुळे लाइट बहुतेक वेळ असते, ती तक्रार नाही. दिवाळीपर्यंत पाण्याचीही तक्रार नसते. संक्रांत झाली की मोटार गुळण्या टाकायला लागते. पंधरा-वीस मिनिटं नीट चालते, मग फस्स फस्स करून हवा मारते. बंद करायची, दुपारी परत लावायची, संध्याकाळी परत. दिवसातून तीनदा. त्यातल्या त्यात एक १००० लिटरची काळी टाकी आहे, ती फवारणीला आणि हातपाय धुवायला.

पाणी पाटानं जातं. पाट वाफा १ पासून सुरू होतो आणि माझे वाफे १९ आणि २०. वाळलेला पाट आधी स्वतः पोटभर पितो, मग वाफ्याला देतो. १५ नंबरपर्यंत येईस्तोवर मोटारीनं मान टाकलेली असते. पाळ्या लावून पाहिल्या, वहीत तारखा घातल्या. पण परवा पहाटे एकीनं दुसरीच्या दारावरची माती पायानंच सारली आणि पाणी आपल्याकडे वळवलं. दोघी सख्ख्या जावा. आता दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि दोघींच्या वतीनं माझ्याशी भांडतात.

बोअरच्या गाडीवाला येऊन जागा बघून गेला. ४०० फूट मारू, पाणी लागणार म्हणजे लागणारच, केसिंग-मोटार धरून लाखभर होतील म्हणाला. गटाकडे ६४ हजार आहेत, बाकीचं कर्ज काढावं लागेल. चार जणी आजच सही करायला तयार आहेत, चार जणी नको म्हणतात, तिघी माझ्या तोंडाकडे बघतात. काय करावं?

पाणीच_पाणी

ताई, मारताच आहात तर ४०० कशाला, ६०० मारा. आमच्या मेव्हण्याला ५८० ला लागलं, दोन इंची पाणी. फक्त आधी पाणाड्या बोलवा. तळहातावर नारळ उभा राहिला की डोळे झाकून तिथंच गाडी लावायची.

मोजून_बोला

मेव्हण्याला ५८० ला लागलं हे ऐकलं. त्याच्या शेजाऱ्यांना किती फुटांपर्यंत नाही लागलं, तेही सांगा की. कोरड्या बोअरचं कोणी पेढे वाटून सांगत नाही.

ताई, मी आयुष्यभर लोकांच्या विहिरी-बोअरची पाणीपातळी मोजत फिरलो, आता घरची शेती बघतो. सहीच्या आधी दोन गोष्टी ऐका. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या वरच्या मुरमात आणि भेगांत पाणी असतं. खाली जाल तसा दगड घट्ट होत जातो. खोल गेल्यावर एखादी भेग लागते, नाही असं नाही, पण ती नशिबाची गोष्ट आहे आणि तुमच्याकडे नशिबासाठी ठेवलेले पैसे नाहीत. दुसरं, राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली, शेतीसाठी खोदायला मनाई आहे. गाडीवाला हे सांगत नाही, कारण त्याला पैसे फुटावर मिळतात.

आता माझा खरा प्रश्न. तुमचा बोअर २४ तासांत पाणी किती देतो? ‘कमी देतो’ हे उत्तर नव्हे.

गरज आधी काढू. ४० बाय १० चे २२ वाफे म्हणजे ८८०० चौरस फूट, साधारण ८२० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भाजीला मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाचेक मिलिमीटर लागतं. म्हणजे सगळी बाग भरलेली असेल तर रोज ४१०० लिटर मुळाशी पोचायला हवं. पाटात मुरतं ते वेगळं.

आता बोअरचं. मोटारीच्या तोंडाशी मापाचा डबा धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा. मग मोटार हवा मारेपर्यंत किती मिनिटं चालते ते लिहा. बंद करा, घड्याळ लावून बरोबर एक तास थांबा, परत लावा, परत मिनिटं लिहा. असं रात्रभर करा. दुसऱ्या दिवशी तेच दोन-दोन तासांच्या अंतरानं.

हे का करायचं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला उद्योग नाही. बोअरमधली पातळी जितकी खाली, तितकं भेगांतून पाणी जोरात आत येतं. पातळी वर चढली की आत येणं मंदावतं आणि शेवटी थांबतं. तुम्ही सकाळी उपसता आणि दुपारपर्यंत थांबता, तर बोअर मधेच कधीतरी भरून नुसता बसून राहतो. थोडं थोडं, वरचेवर उपसलं तर तोच बोअर दिवसाला जास्त पाणी देतो. मला वाटतं तुमचा बोअर कमी नाही, रिकामटेकडा आहे.

मोजा आणि आकडे इथं टाका. तोवर कोणाच्या कागदावर सही करू नका.

करमाळ्याची_सून

पाण्याचं वरचे दादा सांगतायत, मी त्यात पडत नाही. मी कागदाचं विचारते. जमीन ठोक्यानं म्हणालात, ती लेखी आहे का?

आमचा गट नऊ जणींचा होता. पडीक तुकडा तोंडी बोलीवर घेतला. दगडं वेचली, शेणखत ओतलं, टाकी बसवली, पाइपलाइन पुरली. दोन वर्षांत तुकडा हिरवा झाला आणि मालकाला आपल्या पोराला शेती करायचीय हे आठवलं. टाकी आम्ही आणली, पण जमिनीत पुरलेली पाइपलाइन आजही त्याच्या ढोबळी मिरचीला पाणी देते. भांडायला तोंड होतं, कागद नव्हता.

म्हणून सांगते, बोअर मारा नाहीतर टाकी घ्या, त्याच्या आधी करारनामा करा. किमान पाच वर्षांचा. त्यात स्पष्ट लिहा की मोटार, टाकी, पाइप, ठिबक हे सगळं गटाच्या मालकीचं आहे आणि मुदत संपल्यावर गट ते काढून नेईल. आणि नवा बोअर मारलात तर तो उचलून नेता येत नाही बरं का. लाख रुपयांचं भोक मालकाच्या सातबाऱ्यावर चढेल.

ठिबकच्या अनुदानाच्या मागेही लागाल, म्हणून आधीच सांगते. अल्पभूधारकाला ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण अर्ज सातबाऱ्यावरच्या नावानं जातो. गटाच्या नावाचा सातबारा असतो का कुठं? बायकांच्या नावाचाच नसतो.

वाफा_क्रमांक_१९

@करमाळ्याची_सून, कागद आहे, पण ११ महिन्यांचा, दरवर्षी नवा होतो. मालकीणबाई गटातल्याच एकीची चुलत सासू आहे, त्यामुळे कधी विचारच केला नव्हता. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. उद्या जाते त्यांच्याकडे.

@मोजून_बोला, मोजतो आम्ही. तेलाचा १५ लिटरचा डबा आहे.

छपराचं_पाणी

मोजणी चालू असताना एक पुढच्या वर्षाचं बोलून ठेवतो. बोअरजवळ कुणाचं पक्कं छत आहे का? देऊळ, समाजमंदिर, काहीही. १००० चौरस फुटांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ९ हजार लिटरच्या वर पाणी होतं. आपल्याकडे पावसाळ्यात कितीदा १०० मिलिमीटर भरतो ते तुम्हीच मोजा.

ते पाणी बोअरमध्ये उतरवता येतं. बोअरभोवती सहा-सात फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यायचा. केसिंग उघडं पडतं, त्याला खालच्या दोनेक फुटांत बारीक भोकं पाडायची, वरून नायलॉनची जाळी आणि काथ्या घट्ट गुंडाळायचा. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर गोटे, वर खडी, सगळ्यात वर वाळू. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, कारण त्यात छतावरची घाण असते. आणि रानातलं गढूळ पाणी, गुरांच्या गोठ्याचं पाणी यात चुकूनही वळवू नका. आमच्या भावकीत एकानं ओढ्याचं पाणी सरळ वळवलं. एका पावसाळ्यात बोअरमध्ये इतका गाळ बसला की मोटार वर येईना. ती अजून आतच आहे.

वाफा_क्रमांक_१९

मोजलं! नऊ दिवसांनी लिहितेय, पण आधी सगळं सांगते.

शुक्रवारी रात्री नऊला बसलो. आम्ही चौघी, दोन बॅटऱ्या, एक चटई, शेंगदाण्याची चटणी-भाकरी. तेलाचा डबा धरला, ३२ सेकंदांत भरला. तीन वेळा बघितलं, ३१, ३२, ३२. म्हणजे मिनिटाला २८ लिटर. पहिल्यांदा मोटार १६ मिनिटं चालली. मग तासाभरानं ११ मिनिटं. मग १०, १०, ९, ९, ९, ९. पहाटे साडेपाचला थांबलो. आमच्यातल्या एक मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी टाकीच्या कट्ट्यावर कोळशानं रेघा ओढल्या, एका मिनिटाला एक रेघ, पाचवी आडवी. सकाळी माझ्या वहीतली बेरीज ८३ आली आणि मावशींच्या रेघा ८४ भरल्या. त्या म्हणतात, मी एकदा पेंगले होते. पेंगले होते हे खरं आहे.

८३ मिनिटं म्हणजे २३०० लिटरच्या वर. एका रात्रीत! आणि आम्ही दिवसभरात तीनदा मोटार लावून काढत होतो ते १३५० लिटर. मी चार वेळा गुणाकार केला.

दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी लावली तर १४ मिनिटं चालायची. हिशेब केला तर तासाच्या अंतरानं दिवसाला ५००० च्या आसपास पडतात, दोन तासांच्या अंतरानं ४२००. दादा म्हणाले तसंच. वरचेवर काढलं तर जास्त.

आणि एक गोष्ट आम्ही आगाऊ केली. रात्रीचं पाणी वाया कसं घालवायचं? शेजारून लपेटा पाइप, म्हणजे गुंडाळून ठेवता येतो तो चपटा पाइप, मागून आणला आणि पाट सोडून थेट वाफ्यात पाणी घातलं. दारं उलट्या बाजूनं धरलं, २२ पासून. २२, २१, २०, १९. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या दोडक्याच्या बुडाशी पाणी उभं राहिलेलं मी बघितलं, तेही बॅटरीच्या उजेडात. १ नंबरवाली सकाळी आली आणि म्हणाली, माझ्या वाफ्याला आज पाणी नाही का? मी काही बोलले नाही. पण हसू आवरलं नाही, हे खरं.

आता पुढं काय? रोज रात्री कोण बसणार?

मोजून_बोला

शाबास! मावशींना माझा नमस्कार सांगा. ८३ आणि ८४ मध्ये एका मिनिटाचा फरक, एवढी चोख नोंद मला नोकरीत फार कमी वेळा मिळाली.

बसायचं कोणी नाही. स्टार्टरच्या पेटीत टायमर आणि ड्राय रनचं यंत्र बसवून घ्या. मोटार ठरल्या वेळी सुरू होईल आणि पाणी तुटलं की आपोआप बंद होईल. टाकीत वर तरंगणारा फ्लोट स्विचही लावा, नाहीतर भरलेली टाकी रात्रभर वाहील. मोटार तळाला टेकलेली नाही ना, तेही बघून घ्या, दहा-पंधरा फूट वर असू द्या.

मग टाकी. १००० ची पुरणार नाही, ५००० ची घ्या आणि बागेच्या वरच्या बाजूला पाच फूट उंच दगडी कट्ट्यावर बसवा. कट्टा हलक्या हातानं बांधू नका. भरलेली टाकी म्हणजे पाच टन, लग्नाच्या मांडवाचा कट्टा नव्हे.

ठिबक कराल तर एक ध्यानात घ्या. पाच फूट उंचीवरून जेमतेम ०.१५ किलो दाब मिळतो. नळीवर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं, ते एक किलो दाबाचं. तुमच्याकडे दीड लिटरच पडेल. पडू द्या, हळू पडलं तरी मुळाशी पडतं. पण दुकानदार पीसी ड्रिपर, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे, गळ्यात मारेल, ते घेऊ नका. त्याला दाब लागतो, इतक्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत. मेन लाइन दोन इंची ठेवा आणि बागेचे चार भाग करून चार कॉक लावा, एकावेळी एक भाग. जाळीचा फिल्टर हवाच, दर आठवड्याला धुवायचा, आणि नळ्यांची शेवटची टोकं पंधरा दिवसांनी उघडून पाणी सोडायचं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचतं, तिकडं लक्ष ठेवा.

मेथी-शेपूला ठिबक बसत नाही, ती फेकून पेरतात. तिथं लपेटाच बरा. वांगी-भेंडी-दोडक्याच्या बुडाशी सोयाबीनचं भुस्कट चार बोटं जाड पसरा, ऊन मातीला लागू देऊ नका.

आणि ५००० हा आजचा आकडा आहे. मेमध्ये परत मोजा. कमी झाला तर वाफे कमी करा, अकरा जणींत मिळून. कोणाचे दोन्ही वाफे सोडायचे नाहीत, प्रत्येकीचा एक.

पाणीच_पाणी

म्हणजे पाणाड्या नको?

मोजून_बोला

नारळ मात्र घ्या. टाकीच्या कट्ट्यापुढं फोडायला लागेल.

वाफा_क्रमांक_१९

काल गटाची बैठक झाली. वहीत लिहिलेलं तसंच सांगते. नवा बोअर नाही, हे नऊ विरुद्ध दोन. ५००० ची टाकी आणि कट्टा आत्ता, टायमर आणि लपेटा आत्ता. ठिबक फक्त १२ वाफ्यांना, तेही पाऊस पडून गेल्यावर. ६४ हजारांत बसवतोय, कर्ज नाही. कट्ट्याचं गवंडीकाम एकीचा नवरा करतोय, मजुरी भाजीत घेणार म्हणतो. सहा महिने भाजी, असं त्याचं म्हणणं. तीन महिन्यांवर आणू त्याला.

मालकीणबाईंकडे तिघी गेलो होतो. पाच वर्षांचा कागद करायला त्या तयार झाल्या, पण अट घातली की बोअरभोवतीचा पावसाच्या पाण्याचा खड्डा आम्ही आमच्या खर्चानं करायचा. बोअर त्यांचाच, फायदा त्यांचा होणारच. आम्ही हो म्हणालो, पाच वर्षं पाणी तर आम्हीच पिणार. शेजारी समाजमंदिराचं छत आहे. @छपराचं_पाणी, ते अंदाजे १२०० चौरस फूट भरतं. त्याचा पाइप रस्त्याखालून आणावा लागेल, त्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. वाळूऐवजी दगडाची बारीक कच चालते का? वाळू आता मिळतही नाही आणि परवडतही नाही.

जावा अजून बोलत नाहीत. पण नव्या पाळीत दोघींचे वाफे एकाच कॉकवर आलेत, एकीनं उघडला की दोघींना पाणी जातं. मी मुद्दाम नाही केलं. नकाशात तसंच बसत होतं.

उद्या बुधवार, बाजार आहे. कचचं उत्तर द्या, मी गुरुवारी बघते.

छपराचं_पाणी

चालते, पण आधी धुवून घ्या. तीन-चार पाणी धुवा, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. न धुतलेल्या कचीची भुकटी भेगांत जाऊन बसते. आणि वरच्या थरावर मच्छरदाणीचं जुनं कापड टाका, दरवर्षी मे महिन्यात तेवढंच काढून धुतलं की झालं.